एअरड्रॉपला पात्र कोण ठरतं? आर्बिट्रमचे नियम, लागणारी कागदपत्रं आणि क्लेमची पद्धत

सरकारी योजनेत आधी जाहिरात निघते, मग अर्ज सुटतात, शेवटी यादी लागते. क्रिप्टो एअरड्रॉपमध्ये, म्हणजे प्रकल्पाने आपले टोकन (डिजिटल नाणी) वापरकर्त्यांना फुकट वाटण्यात, हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. पात्रतेची तारीख उलटून गेलेली असते, नियम नंतर जाहीर होतात आणि तुमच्या वॉलेटने (क्रिप्टो ठेवायच्या ॲपने) ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, केलेले जुने व्यवहार हाच तुमचा अर्ज धरला जातो. म्हणून ‘आजच फॉर्म भरा, मोफत टोकन मिळवा’ असा मेसेज आला, तर तो फसवणुकीचा आहे असं धरूनच चाला.

पात्रतेच्या या तारखेला स्नॅपशॉट म्हणतात. त्या क्षणापर्यंतची नोंद ग्राह्य, नंतरची नाही. युनिस्वॅप या टोकन अदलाबदलीच्या एक्स्चेंजने सप्टेंबर २०२० मध्ये टोकन वाटले, तेव्हा नियम एका ओळीत मावत होता: १ सप्टेंबरपूर्वी ज्या पत्त्यावरून (वॉलेटच्या क्रमांकावरून) युनिस्वॅप वापरलं गेलं, त्याला ४०० युनी, म्हणजे युनिस्वॅपचे टोकन. व्यवहार फसला असला तरी चालत होतं! हे पाहून लोक पुढच्या वाटपांच्या आशेने एकेकटे शेकडो वॉलेट उघडू लागले आणि प्रकल्पांना नियम कडक करावे लागले.

आर्बिट्रमचे गुण

आर्बिट्रम या इथेरियम ब्लॉकचेनवर उभारलेल्या नेटवर्कने १६ मार्च २०२३ रोजी वाटप जाहीर केलं. स्नॅपशॉट मात्र ६ फेब्रुवारीलाच झालेला होता. पद्धत गुणांची: किमान ३ गुण हवेत, कमाल १५ धरले जाणार. ३ गुणांना ६२५ एआरबी (आर्बिट्रमचे टोकन), सगळ्यात वरच्या पायरीला १०,२५०. पात्र पत्ते सहा लाखांहून थोडे जास्त निघाले.

गुण कशाचे? आर्बिट्रम वन या त्याच्या मुख्य साखळीवर पैसे ब्रिज केले, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकचेनवरून आणले, त्याचा एक. किती वेगवेगळ्या महिन्यांत व्यवहार केले (२, ६, ९ अशा पायऱ्या), किती व्यवहार झाले किंवा किती वेगवेगळे स्मार्ट करार (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम) वापरले (४ च्या वर, १० च्या वर, अशा पायऱ्या), व्यवहारांची एकूण किंमत १०,००० डॉलरच्या वर गेली का, याचे वेगळे गुण.

वजाबाकीही होती आणि खरी मेख तिथेच आहे. सगळे व्यवहार ४८ तासांच्या आत उरकले असतील तर एक गुण वजा. वॉलेटमध्ये ०.००५ ईथरपेक्षा (इथेरियमच्या चलनापेक्षा) कमी शिल्लक आणि एकापेक्षा जास्त करार वापरलेले नाहीत, तर आणखी एक वजा. समजा, एखाद्याने २०२२ च्या शेवटी पैसे ब्रिज केले (१), दोन महिन्यांत मिळून (१) एकाच एक्स्चेंजवर सहा व्यवहार केले (१). झाले ३. मग त्याने वॉलेट रिकामं करून पैसे बाहेर काढले असतील, तर उरतात २. नाव यादीबाहेर!

मला यातला महिन्यांचा निकष सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण मोठी रक्कम एका दिवसात फिरवता येते, पण नऊ महिन्यांची हजेरी मागाहून विकत घेता येत नाही. रकमेच्या पायऱ्या मात्र सरळसरळ पैसेवाल्यांच्या सोयीच्या आहेत.

एकाच माणसाची वॉलेट ओळखायला पैशाचा माग काढतात. एकाच ठिकाणाहून आलेला निधी, सगळीकडे त्याच क्रमाने तेच व्यवहार आणि शेवटी सगळं एका खात्यात जमा, हा ठसा लपत नाही. लेयरझीरो या ब्लॉकचेन जोडणाऱ्या प्रकल्पाने मे २०२४ मध्ये तर अशा लोकांना स्वतःहून कबुली द्यायला सांगितलं: कबूल कराल तर ठरलेल्या वाट्यातले १५ टक्के मिळतील, पकडले गेलात तर काहीच नाही.

कागदपत्रं

आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला यातलं बहुतेक ठिकाणी काही लागत नाही. लागतो तो पत्ता ज्यावरून व्यवहार झाले, त्याची स्वतःच्या ताब्यातली प्रायव्हेट की (व्यवहारावर सही करणारा गुप्त कोड, तो कुणाला द्यायचा नसतो) आणि गॅस फीपुरती (ब्लॉकचेनवरच्या व्यवहार शुल्कापुरती) रक्कम. काही प्रकल्प केवायसी मागतात, काही ठरावीक देशांना वगळतात. त्यामुळे अटींचं पान वाचायचा कंटाळा करू नका. एक्स्चेंजच्या खात्यात ठेवलेल्या क्रिप्टोवर एअरड्रॉप मिळेलच असं नाही, कारण ब्लॉकचेनवर दिसणारा पत्ता एक्स्चेंजचा असतो.

क्लेम

प्रकल्पाच्या अधिकृत साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधल्या जाहिरातीवरून जाऊ नका. वॉलेट जोडल्यावर पात्रता आणि टोकनची संख्या दिसते, मग क्लेमचा व्यवहार मंजूर करायचा. वॉलेट उघडून दाखवतं तो मजकूर इथे नीट वाचा: क्लेमच्या नावाखाली तुमचे आधीचे टोकन खर्च करायची परवानगी मागितली जात असेल, तर तिथेच ‘रिजेक्ट’. बारा किंवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवायचा गुप्त मजकूर) कुठल्याही खऱ्या क्लेमला लागत नाही. मुदतही बघा; आर्बिट्रमचा क्लेम २३ मार्च २०२३ ला सुरू झाला आणि सहा महिन्यांनी बंद झाला.

भारतात राहणाऱ्यांसाठी पुढचा टप्पा आयकराचा. टोकन विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो, एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, विक्रीवर १ टक्का टीडीएसचीही तरतूद आहे. फुकट मिळालेल्या टोकनची मिळाल्या दिवशीची किंमतही करपात्र ठरू शकते. क्लेमची तारीख, त्या वेळचा भाव आणि व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) त्याच दिवशी लिहून ठेवा आणि रिटर्न भरताना सीएला द्या.