नाव कुठे घातलंय? आणि रात्री तीनला तिथे कोण असतं?

दिवस राहिले की चार महिन्यांत दहा जणी विचारतात, नाव कुठे घातलं? आणि प्रत्येकीकडे एक 'हाताला यश असलेली' डॉक्टर असतेच. असेलही. पण कळा काही ओपीडीचं टायमिंग बघून येत नाहीत, त्यामुळे मला विचाराल तर आधी हे बघा की रात्री तीनला त्या बिल्डिंगमध्ये कोण जागं असतं आणि त्यांच्या हाताशी काय असतं.

एवढं का ताणतेय सांगते. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण 500 ते 700 मिली रक्त जात असतं. बाळ आलं, मागून वार पडली की वार चिकटली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि त्या मुख्यतः बंद होतात त्या पिशवीचे स्नायू आवळून त्यांना पिळतात म्हणून. बहुतेकींचं हे आपोआप होतं. पण पिशवी सैलच राहिली तर रक्त थांबत नाही, आणि अंगात एकूण रक्त पाच-सहा लिटर, म्हणजे सगळा हिशोब मिनिटांचा. शिवाय हे कुणाला होणार ते आधी नीट सांगता येत नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेलीलाही होतं.

2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, आफ्रिकेतल्या चार देशांतली 80 हॉस्पिटलं. तिथे केलं काय, तर बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची शीट लावली म्हणजे किती रक्त गेलं ते अंदाजाने नाही तर मोजून कळतं, आणि जास्त दिसलं की पिशवीचा मसाज, ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायचं औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करायचं औषध), सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू. एक करून बघू मग दुसरं, असं नाही. नेहमीच्या पद्धतीत गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू असं काहीतरी 4.3 टक्के बायकांना झालं, इथे 1.6. महागडं मशीन एकही नाही, फक्त ट्रेनिंग घेतलेली माणसं जागेवर हजर.

म्हणून नाव घालायला जाल तेव्हा सरळ विचारा. रात्री लेबर रूममध्ये शिकलेली नर्स असते की नुसती मावशी? भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात (छोट्या नर्सिंग होममध्ये ते बहुतेक बाहेरूनच येतात, त्यात वावगं काही नाही, पण घाटाच्या पलीकडून येणार असतील तर आधी कळलेलं बरं), रक्त कुठून आणतात, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठे नेतात. चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत. चिडले तर तेही उत्तरच म्हणा.

आता सिझर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगीत झालेल्या बाळंतपणांत सिझर 47.4 टक्के, सरकारीत 14.3. म्हणून सगळे खाजगीवाले पैसेखाऊ असं नाही हं, मुहूर्त काढून येणारे आपणच असतो. नुसता 'तुमच्याकडे सिझर किती' विचारून फार कळतही नाही, कारण अवघड केसेस जिथे जास्त येतात तिथे आकडा वाढणारच. त्यापेक्षा असं विचारा, पहिलटकरीण, पूर्ण दिवस, एकच बाळ, डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या, अशा दहा जणींत सिझर कितींचं होतं? डॉक्टर लोक हॉस्पिटलांची तुलना करायला रॉबसन वर्गीकरण वापरतात, त्यातला पहिला गट अगदी हाच.

आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे माहेर. सातव्यात ओटी भरली की बॅग भरून निघायचं, आणि नेमकं जेव्हा बीपी, शुगर, बाळाची वाढ यांवर बारीक लक्ष हवं तेव्हाच डॉक्टर बदलतात. जा खुशाल, पण तिथल्या हॉस्पिटलात एकदा पाचव्या-सहाव्यातच दाखवून या. सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट एका फाईलमध्ये. त्यातही रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते पहिल्या पानावर ठळक.

खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात फुकट तपासणी होते, चौथा महिना लागला की जाता येतं. कुठे कधी जायचं ते आशाताईंना बरोबर माहीत असतं.