उडत्या गाड्यांचा आवाज आणि वावरातली रात्र

एकदोघांना घेऊन उडणाऱ्या विजेच्या गाड्या विदर्भातल्या गावांवरून अजून जात नाहीत. तशाच पंख्यांची भणभण मात्र फवारणीच्या ड्रोनमुळे इथल्या शिवारात पोचली आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. 2021 मध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले, 2023 मध्ये महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची केंद्राची योजना मंजूर झाली. माणूस विषापासून लांब राहत असेल तर दिवसाची घटकाभर भणभण सोसावी, असं मला मनापासून वाटतं.

माणसं वाहणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. अमेरिकेतले अभियंते इगोर सिकॉर्स्की यांचं हेलिकॉप्टर 1939 मध्ये जमिनीवरून उचललं गेलं. पुढे घरोघरी हेलिकॉप्टर येईल, अशी स्वप्नं अमेरिकेत रंगली. किंमत आणि चालवण्याची कठीण विद्या आड आलीच, पण आवाजही आला. पुढच्या पात्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यावर मागचं पातं आदळतं, त्यातून तो धडधडाट उठतो. विजेच्या मोटारीमुळे एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक छोटे पंखे लावता आले, पात्यांच्या टोकांचा वेग कमी ठेवता आला. जोबी या अमेरिकी कंपनीने नासासोबत मोजणी केली. 500 मीटर उंचीवरून जाताना तिच्या विजेवर उडणाऱ्या विमानाचा आवाज 45.2 डेसिबल भरला, असं तिने 2022 मध्ये जाहीर केलं. उतरताना-चढताना तो अर्थातच वाढतो.

शहरातल्या रहदारीत 45 डेसिबल विरून जातात. शिवारात ते लपायचे नाहीत. आपल्या 2000 सालच्या ध्वनी नियमांत रहिवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती सरासरीवर मोजतात, म्हणून मिनिटभरात निघून गेलेलं यंत्र तिच्यात सहज बसतं. त्या नियमांत औद्योगिक, व्यापारी, रहिवासी आणि शांतता असे चार विभाग आहेत. शेतशिवाराचा वेगळा विभागच नाही.

इथे तर रात्रीची राखण बरीचशी कानावर चालते. रानडुकरं, रोही हरभऱ्यात शिरले की जागलीवरच्या माणसाला आधी खसफस ऐकू येते, दिसतं नंतर. म्हणून अशा गाड्यांचे हवाई मार्ग आखण्याआधी आवाजाची मोजणी रब्बीच्या रात्री, भर वावरात व्हायला हवी, आणि जागलीवर जाणाऱ्यांना विचारून व्हायला हवी.