काकांच्या मागे राहिलेल्या फटफट्या : पार्श्वभूमी

पुण्यात जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या बऱ्याच जणांनी ज्यांच्याकडून कधी ना कधी पॉइंट (इंजिनातल्या ठिणगीची वेळ ठरवणारा भाग) सेट करून घेतले, ते काका गेले. वैकुंठ स्मशानभूमीत विशी-पंचविशीतली कितीतरी पोरं जावा, येझदी, बुलेट घेऊन आली होती. यातल्या अनेक गाड्या बनायच्या बंद झाल्या तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती. ती काकांभोवती का गोळा झाली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पुणे लष्कराचं गाव. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथलं, खडकी आणि देहूरोडचे डेपोही इथलेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी बीएसए एम20, नॉर्टन 16एच, मॅचलेस जी3एल अशा मोटारसायकली वापरल्या. एकट्या एम20 सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. युद्धानंतर अशा गाड्या लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे जुन्या मालाच्या विक्रीत निघाल्या आणि नागरिकांच्या हाती आल्या. त्यांच्या नटांना मिलिमीटरचा पाना बसत नाही, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा लागतो. काकांकडे तो अख्खा सेट होता आणि तो ते मागेल त्याला देत. एवढा विश्वास टाकणारा माणूस या छंदात मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचा खरा जीव मात्र जावावर. 1929 साली प्रागमध्ये यानेचेक यांनी जर्मन वांडरर कंपनीकडून परवाना घेतला आणि दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. भारतात फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने 1961 पासून म्हैसूरमध्ये उत्पादन सुरू केलं. 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. किक मारायची आणि तोच दांडा पुढे घेऊन गिअर टाकायचे. 1973 पासून नाव ‘येझदी’ झालं, 1978 मध्ये रोडकिंग आली. पुढे शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्या कमी पेट्रोलात जास्त पळू लागल्या, प्रदूषणाचे नियमही कडक होत गेले. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

इथून काकांसारख्यांचं काम सुरू होतं. बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये बनू लागली ती आजही बनते, त्यामुळे तिच्या सुट्या भागांची तेवढी ओढाताण झाली नाही. राजदूत, येझदीवाले मात्र उघड्यावर पडले. मग नाना पेठेतल्या दुकानांतला पडून राहिलेला माल, बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, भंगारवाले, आणि मिळालाच नाही तर लेथवर करून घेतलेला पार्ट, असा संसार चालला. पार्ट एकवेळ मिळतो, हात मिळत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी किती मिलिमीटरवर ठिणगी पडावी, हे पुस्तकात असतं. पण झिजलेल्या क्रँकच्या, दोनदा बोअर केलेल्या (आतून कापून सिलिंडर रुंद केलेल्या) इंजिनाला त्यापेक्षा किती मागे-पुढे घ्यायचं, हे काका आवाज ऐकून ठरवत आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊन त्यालाच करायला लावत. घाई करू देत नसत. गाडी एका किकमध्ये चालू झाली की श्रेय त्या पोराचं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला सगळे जमत, तेव्हा रॅलीच्या शेवटी राहायचं काम काका स्वतःहून घेत, बंद पडणाऱ्या गाड्यांसाठी. 2018 मध्ये जावा हे नाव नव्या गाडीवर परत आलं, 2022 मध्ये येझदीही आली. त्याचाही त्यांना निखळ आनंद झाला होता.

सरकारदरबारी या गाड्यांना वेगळी ओळख मिळाली ती 2021 मध्ये. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी सुरू झाली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. म्हणून आपली जावा रोज दामटणाऱ्या काकांनी तिची नोंदणी साधीच ठेवली.

घरच्यांना गाड्या विकायच्या नाहीत. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि 3 महिन्यांत वारसाने नमुना 31 भरून अर्ज करायचा असतो. संगम पुलाजवळच्या कार्यालयात त्यांच्या मुलीसोबत आम्ही जाणार आहोत. व्हिटवर्थचा सेट सध्या कोणाकडे असेल, त्याने तो तिच्याकडे पोचवावा.