ईव्ही चार्जिंग प्रोटोकॉलची सुरक्षा-पडताळणी

विजेवरची गाडी, चार्जर आणि चार्जर चालवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर यांच्यात चार्जिंगच्या वेळी जे संदेश जातात-येतात, त्यांचे नियम म्हणजे चार्जिंग प्रोटोकॉल. मधल्या कुणी संदेश चोरून ऐकले, बदलले किंवा अडवले, तर काय होईल हे तर्काने आणि प्रत्यक्ष चाचणीने तपासणे म्हणजे त्यांची सुरक्षा-पडताळणी.

पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर सोलापूर जवळपास मध्यावर, पुण्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. पुढचा पल्ला त्याहून मोठा असल्याने ईव्हीवाल्यांचा मुक्काम चुकत नाही. इथला चार्जर ऐनवेळी बंद पडला तर कुटुंबासह निघालेला माणूस अडकतो, म्हणून हा विषय केवळ बिलाच्या चोरीपुरता नाही.

गन (चार्जरच्या केबलचे टोक) गाडीत बसवली की पायलट तारेवरचा, म्हणजे केबलमधल्या इशाऱ्यांच्या बारीक तारेवरचा, १२ व्होल्टचा दाब ९ वर येतो आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६ वर. चार्जर याच तारेवर सेकंदाला हजार स्पंदने पाठवतो. स्पंदनाची रुंदी ५ टक्के ठेवली, तर त्याचा अर्थ 'आता डिजिटल बोलू या'. सीसीएस या जलद चार्जिंगच्या मानकाच्या गनमध्ये हे बोलणे त्याच तारेवरून उच्च वारंवारतेने चालते, आणि केबल नकळत अँटेना बनते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे संदेश दुरून ऐकता येतात हे दाखवले. २०२२ मध्ये उघड झालेल्या 'ब्रोकनवायर' हल्ल्यात एक वॉटहून कमी शक्तीच्या लहरींनी ४७ मीटरवरून चार्जिंग तोडता आले. घाव सर्वांत खालच्या थरावर असल्यामुळे कूटलेखन (संदेश गुप्त लिपीत बदलणे) इथे कामाला येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेला चार्जर स्वतःहूनही प्रवाह कमी करतो किंवा थांबतो. गाडीवाल्याला दोन्ही सारखेच दिसते. फरक कळतो तो नोंदींतल्या त्रुटी-संकेतावरून, त्यामुळे या नोंदी नीट राहतात की नाही हेही तपासलेच पाहिजे.

गाडी आणि चार्जर यांच्यातल्या वरच्या थरासाठी आयएसओ १५११८ हे मानक आहे. २०१४ च्या दुसऱ्या भागात टीएलएस (इंटरनेटवर सुरक्षित जोडणीसाठी वापरले जाणारे) कूटलेखन फक्त 'प्लग अँड चार्ज'साठी, म्हणजे गन लावताच गाडी स्वतःची ओळख देऊन बिल कराराच्या नावे टाकते त्या सोयीसाठी, सक्तीचे होते, कार्ड किंवा ॲपने पैसे भरताना ऐच्छिक. २०२२ च्या विसाव्या भागाने दोन्ही बाजूंच्या प्रमाणपत्रांसह (ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांसह) ते सक्तीचे केले. पण जुन्या गाडीसाठी चार्जर जुनी आवृत्ती बोलतो आणि धोक्याची फट तिथेच राहते. नव्या मानकावर हल्ला करण्यापेक्षा यंत्राला जुन्यावर उतरवणे सोपे.

चार्जर आणि सर्व्हर यांच्यात ओसीपीपी नावाचा प्रोटोकॉल चालतो. २०२० च्या २.०.१ आवृत्तीत सुरक्षेचे तीन स्तर आहेत. पहिल्यात नुसता पासवर्ड, तोही उघड्या जोडणीवरून. दुसऱ्यात टीएलएस आणि पासवर्ड. तिसऱ्यात दोघांचीही प्रमाणपत्रे. सार्वजनिक इंटरनेटवरून बोलणाऱ्या चार्जरला पहिला स्तर चालू ठेवणे अक्षम्य आहे.

तर्काने पडताळणी करताना १९८३ चे डोलेव–याओ प्रतिमान वापरतात: हल्लेखोराच्या हाती सगळे नेटवर्क आहे, फक्त किल्लीविना कुलूप उघडत नाही. टॅमरिन, प्रोव्हेरिफ यांसारख्या सॉफ्टवेअर-साधनांना प्रोटोकॉल आणि अपेक्षा सांगायची. उदाहरणार्थ, 'ज्या कराराच्या नावे बिल फाटले, त्याच करारधारकाने ही वीज मागितली होती'. साधन एकतर सिद्धता देते किंवा हल्ल्याचा मार्ग दाखवते. हा खटाटोप अनाठायी नाही. एकमेकांची ओळख पटवण्यासाठीचा १९७८ चा नीडहॅम–श्रोडर प्रोटोकॉल अवघ्या काही ओळींचा होता, तरी त्यातली चूक संशोधक गॅव्हिन लो यांना १९९५ मध्ये सापडली.

सिद्धता कागदावरच्या नियमांची असते, आवारात उभ्या चार्जरची नव्हे. त्याला मुदत संपलेले प्रमाणपत्र देऊन, वेडेवाकडे संदेश पाठवून, त्याच ओळख-क्रमांकाने दुसरी जोडणी उघडून बघावे लागते. वैध डिजिटल सही नसलेले फर्मवेअर (चार्जरच्या आतले सॉफ्टवेअर) तो नाकारतो का, हेही. कार्डाचा नुसता अनुक्रमांक वाचून चार्जिंग सुरू होत असेल, तर नक्कल केलेल्या कार्डानेही ते सुरू होईल. वरचे कूटलेखन कितीही भक्कम असले तरी.