७४८ चुका आणि एक मंद लॅपटॉप

गिरगावातल्या आमच्या चाळीत लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून देणारे एक काका राहतात. त्यांच्या लॅपटॉपचे वय दहा वर्षांच्या पुढे गेले आहे. ४ जीबी मेमरी, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि मागाहून चढवलेले विंडोज १०, एवढा त्याचा संसार. सकाळी बटण दाबून काका चहा टाकायला जातात आणि चहा पिऊन कप विसळून झाला, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. रजिस्ट्री साफ केली की लॅपटॉप वेगाने चालू लागतो, असे लग्नसराईच्या तोंडावर कोणीतरी सांगितले, म्हणून त्यांनी ती साफ करणारे एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्याने दोन मिनिटांत लाल अक्षरांत ७४८ चुका दाखवल्या आणि त्या दुरुस्त करायच्या असतील तर पैसे भरा, असे बजावले. पैसे भरण्याआधी काकांनी मला हाक मारली, हे बरे झाले.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. कोणते सॉफ्टवेअर कुठे ठेवले आहे, कोणत्या प्रकारची फाइल कशात उघडायची, कीबोर्डची मांडणी कोणती, अशा लाखो बारीकसारीक गोष्टी तिच्यात लिहिलेल्या असतात. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या सेटिंगची साधी मजकुराची फाइल बाळगत असे आणि त्या फायली डिस्कभर विखुरलेल्या असत. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहानशा रूपात आली आणि विंडोज ९५ पासून तिच्यावर सगळा कारभार सोपवला गेला. नाव एकवचनी असले तरी ती एकच फाइल नाही. यंत्राच्या नोंदी विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरातल्या कॉन्फिग या उपफोल्डरात चार-पाच फायलींमध्ये असतात, तर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदी त्याच्या खात्याच्या फोल्डरात वेगळ्या ठेवलेल्या असतात.

मग ‘चुका’ कशाला म्हणायचे? काकांच्या यादीतल्या पन्नासेक नोंदी मी एकेक करून पाहिल्या. केव्हाच काढून टाकलेल्या प्रिंटरच्या फोल्डराचा पत्ता, कधीतरी उघडलेल्या आणि आता नसलेल्या फायलींची नावे, ज्यांना उघडणारे सॉफ्टवेअर आता यंत्रावर नाही अशा फायलींचे प्रकार, असाच बहुतेक ऐवज होता. सात नोंदी तर एका पेन ड्राइव्हवरच्या फायलींच्या होत्या. तो ड्राइव्ह त्या वेळी काकांच्या खिशात होता, म्हणून त्या नोंदी चुकीच्या ठरल्या. याच रजिस्ट्रीवर मी दुसरे, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर चालवले तेव्हा त्याने ३१२ चुका मोजल्या. वजनकाटे दोन आणि वजने दोन असली की आपण काट्यावर शंका घेतो. इथे तर चूक म्हणजे काय याची सर्वमान्य व्याख्याच नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या मापाने मोजते.

या नोंदी निरुपयोगी आहेत, हे खरे. त्या लॅपटॉप मंद करतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रजिस्ट्री वाचली कशी जाते यात आहे. पोस्टमन आमच्या चाळीत पत्र आणतो तेव्हा गल्ली, चाळ, मजला, खोली या क्रमाने थेट दारापर्यंत येतो. पलीकडच्या इमारतीत चार खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप असले, तरी त्याच्या पावलांचा वेग कमी होत नाही. सॉफ्टवेअरही रजिस्ट्रीला असाच पूर्ण पत्ता देऊन एक ठरावीक नोंद मागते. प्रत्येक पायरीवरची नावे क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे सगळी वही चाळावी लागत नाही, आणि ज्या फांदीवर कोणी जात नाही ती फांदी वाचलीही जात नाही.

आकाराचे गणितही करून पाहिले. एका नोंदीला सढळ हाताने २०० बाइट धरले, तर ७४८ नोंदींचे दीड लाख बाइट होतात. काकांच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या नोंदींची एकटी फाइलच ८० एमबीच्या आसपास होती. म्हणजे साफसफाई पूर्ण यशस्वी झाली तरी वहीचा साधारण पाचशेवा भाग कमी होणार, आणि तोही कागदोपत्रीच, कारण नोंद पुसली म्हणून फाइल आखडत नाही. तिची जागा ‘रिकामी’ अशी खूण करून तिथेच राहते आणि पुढे एखादी नवी नोंद तिच्यावर लिहिली जाते. संगणकीय गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना पुसलेल्या नोंदी कित्येकदा परत वाचता येतात, त्या याच कारणाने.

रजिस्ट्री फुगल्याने यंत्र मंद होते, या समजुतीला एकेकाळी थोडा आधार होता, हेही सांगायला हवे. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्री मेमरीच्या एका मर्यादित राखीव भागात ठेवली जाई आणि ती फुगली की त्या भागावर ताण येई. २००१ च्या विंडोज एक्सपीत ही रचना बदलली आणि फायलींचा लागेल तेवढाच तुकडा मेमरीत आणला जाऊ लागला. खुद्द मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात रेगक्लीन नावाचे असे एक साधन दिले होते; पुढे ते मागे घेतले गेले आणि आता रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे कंपनी लेखी सांगते. समजूत मात्र टिकून राहिली.

एवढे सांगूनही काकांचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते, कारण युक्तिवाद म्हणजे चाचणी नव्हे. म्हणून आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवली आणि मग मोफत सॉफ्टवेअरने रजिस्ट्री साफ केली. त्याने यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितले, तसे केले, आणि काका लगेच म्हणाले, “अहो, हलका झाला की!” तो झालाही होता. पण त्याआधीचे काही आठवडे काकांनी लॅपटॉप बंदच केला नव्हता, नुसते झाकण मिटत असत. तीन आठवडे न थांबता चाललेल्या यंत्राची मेमरी अर्धवट सोडलेल्या कामांनी भरलेली होती आणि पुन्हा सुरू केल्यावर ती मोकळी झाली. जुनी प्रतिमा परत चढवून, काहीही साफ न करता, नुसते पुन्हा सुरू केले तेव्हाही तो तितकाच हलका वाटला. अशा सॉफ्टवेअरच्या कीर्तीतला मोठा वाटा या शेवटच्या ‘रीस्टार्ट’चा असावा, असे माझे मत झाले आहे.

मनाचा कौल बाजूला ठेवण्यासाठी पुढची चाचणी आंधळी केली. साफ केलेली आणि न केलेली अशा दोन प्रतिमा तयार होत्या. रोज रात्री काकांची मुलगी नाणे उडवून त्यांतली एक चढवत असे आणि कोणती ते वहीत लिहून वही कपाटात ठेवत असे. सकाळी मी घड्याळ लावून बसत असे. प्रतिमा चढवल्यानंतरची पहिली सुरुवात मोजायची नाही, कारण लागणाऱ्या फायली आधीच आणून ठेवण्याची विंडोजची व्यवस्था तेव्हा विस्कटलेली असते. पुढच्या तीन मोजायच्या. यंत्र ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करायचे, कारण विंडोज ८ पासून शट डाउन केल्यावरही यंत्रणेचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढची सुरुवात खऱ्या अर्थाने कोरी राहत नाही. घड्याळावर भरवसा नसेल त्याच्यासाठी विंडोजचे स्वतःचे मोजमापही असते: इव्हेंट व्ह्यूअर या यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात कामगिरीच्या निदानाची एक नोंदवही असते आणि तिच्यातली १०० क्रमांकाची नोंद सुरू व्हायला लागलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात देते.

दहा दिवसांनी वही उघडली. साफ केलेल्या आणि न केलेल्या रजिस्ट्रीच्या वेळांमध्ये जेवढा फरक होता, त्याहून जास्त फरक साफ न केलेल्याच दोन सकाळींमध्ये होता. एका सकाळी विषाणूरोधक सॉफ्टवेअर स्वतःला अद्ययावत करत बसले होते आणि तो दिवस सगळ्यांत मंद ठरला. कपाटातली वही न पाहता कोणता दिवस कोणता हे मला ओळखता आले असते का? मुळीच नाही.

फायदा दिसला नाही. तोटा मात्र पहिल्याच दिवशी दिसला होता. काका पत्रिकांसाठी युनिकोडपूर्व काळातले एक मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर वापरतात. साफसफाईनंतर ते उघडले तेव्हा त्याने परवान्याचा क्रमांक मागितला, आणि तो ज्या सीडीच्या वेष्टनावर छापला होता ते वेष्टन चाळीच्या रंगकामात कुठे गेले देव जाणे. सॉफ्टवेअर स्वतः डिस्कच्या दुसऱ्या भागावर (पार्टिशनवर) होते; त्याची नोंद अनाथ समजून पुसली गेली. प्रतिमा हाताशी होती म्हणून निभावले. एरवी काम कठीण होते, कारण पूर्वी विंडोज रजिस्ट्रीची एक प्रत आपणहून राखून ठेवत असे, ती सोय विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून बंद झाली आहे.

भीती दाखवून विकण्याच्या या पद्धतीची दखल अमेरिकेत सरकारी पातळीवर घेतली गेली. २०१९ मध्ये तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईनंतर कार्यालयीन सामान विकणारी ऑफिस डेपो आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आरोप असा होता की, संगणकाची तब्येत तपासणारे त्यांचे सॉफ्टवेअर यंत्राच्या खऱ्या स्थितीवर नव्हे, तर ग्राहकाने सुरुवातीच्या चार प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर निदान करत असे. ‘संगणक मंद झाला आहे का’ याला हो म्हटले, की रोग सापडलाच.

काकांच्या यंत्राचा खरा रोग, यंत्र कशात गुंतले आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये उघड दिसत होता: सुरू झाल्यापासून पहिली काही मिनिटे डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नव्हता. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. एकेका वाचनाला १७-१८ मिलिसेकंद, म्हणजे विखुरलेली वाचने सेकंदाला साठापर्यंतच. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचने होतात, आणि ४ जीबी मेमरी कमी पडून तिचाही काही भाग याच डिस्कवर टाकला-उचलला जातो. फिरणारा भागच नसलेली साधी एसएसडी अशी हजारो वाचने एका सेकंदात उरकते.

एका शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला जाऊन अडीच इंची एसएसडी आणली. नवे विंडोज टाकले नाही; पत्रिकांचे सॉफ्टवेअर गमवायचे नव्हते, म्हणून साफ न केलेली मूळ प्रतिमाच तिच्यावर जशीच्या तशी उतरवली. दुसऱ्या दिवशी काकांनी बटण दाबले, आणि आधण येण्याआधीच पत्रिकांच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्सर लुकलुकू लागला. मग मी ते पैसे मागणारे पहिले सॉफ्टवेअर पुन्हा एकदा चालवले. त्याने लाल अक्षरांत ७४८ चुका दाखवल्या.