चर्चची सरकारी शाळा: व्हीए आहे की व्हीसी, हे फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या

सप्टेंबर आला की इथं इंग्लंडमध्ये इयर सिक्सची, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या वर्षातली, मुलं घरात असलेल्या मराठी आईबाबांची एकच धावपळ चालू होते, ओपन इव्हिनिंग कधी आहेत, कुठली शाळा आपल्याला जवळ पडते, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं की ती चर्चची शाळा आहे ना, रिझल्ट एकदम भारी, शिस्त पण चांगली, पण आपल्या मुलांना तिथं घेणार का? लगेच दुसरं कोणीतरी सांगतं, अहो घेतात की, आमच्या शेजारची मुलगी जाते तिथं, बाप्तिस्मा बिप्तिस्मा काही लागला नाही. दोघंही खरंच सांगत असतात. फक्त ते दोन वेगळ्या प्रकारच्या शाळांबद्दल बोलत असतात आणि गेटवरून बघितलं तर त्या शाळा अगदी सेम दिसतात. दोन्हींच्या नावात सेंट कोणीतरी, दोन्हींच्या लोगोत क्रॉस, दोन्ही सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि दोन्हीकडे फी शून्य.

एक प्रकार व्हॉलंटरी एडेड, दुसरा व्हॉलंटरी कंट्रोल्ड. बोलताना व्हीए आणि व्हीसी. आपल्या मुलाला तिथं सीट मिळायची शक्यता किती आणि मिळाली तर तो तिथं धर्माबद्दल काय शिकणार, हे बरंचसं या दोन अक्षरांवर ठरतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की ओपन इव्हिनिंगला जाऊन सायन्स लॅब बघायच्या आधी हे शोधून काढा.

हे दोन प्रकार आले कुठून ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. इंग्लंडमध्ये सरकारच्या आधी शाळा काढल्या त्या चर्चनी, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यातल्या कित्येक इमारती मोडकळीला आल्या होत्या, दुरुस्तीला पैसे नव्हते. १९४४ च्या एज्युकेशन ॲक्टमध्ये, ज्याला बटलर ॲक्ट म्हणतात, चर्चसमोर दोन रस्ते ठेवले गेले. बांधकामाचा अर्धा खर्च तुम्ही उचला, मग ॲडमिशन, शिक्षक, धर्मशिक्षण सगळं तुमच्या हातात, ही झाली एडेड. नाहीतर सगळा खर्च कौन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, करेल पण कारभारही कौन्सिलच्या हातात जाईल, शाळेचं चर्चशी नातं राहील पण मर्यादित, ही झाली कंट्रोल्ड. कॅथलिक चर्चनं पैसे उभे केले पण ताबा सोडला नाही, म्हणून कॅथलिक शाळा व्हीए झाल्या, व्हीसी कॅथलिक शाळा तुम्हाला सापडणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या मात्र भरपूर शाळा कंट्रोल्ड झाल्या. आज तो अर्धा खर्च कमी होत होत साधारण १० टक्क्यांवर आलाय पण ताबा कोणाचा ही वाटणी तशीच आहे.

म्हणजे बोर्डावर कॅथलिक लिहिलं असेल तर अर्धं उत्तर मिळालं. चर्च ऑफ इंग्लंड असेल तर शोधावं लागतं.

आता ॲडमिशन, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. व्हीसी शाळेत ॲडमिशनचे नियम साधारणपणे कौन्सिल ठरवतं आणि ते बहुतेक ठिकाणी शेजारच्या साध्या शाळेसारखेच असतात, भावंडं आधी, मग अंतर. तुमचं घर जवळ असेल तर तुम्ही हिंदू आहात का मुस्लिम का कुठलाच धर्म मानत नाही हा प्रश्नच येत नाही. व्हीएमध्ये नियम शाळेची गव्हर्निंग बॉडी ठरवते, तिच्यात चर्चनं नेमलेल्या गव्हर्नरांचं बहुमत असतं, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर धर्म बघून प्राधान्य द्यायची परवानगी त्यांना कायद्यानं आहे. जागा उरल्या तर मात्र धर्म न बघता सगळ्यांना घ्यावंच लागतं, आणि ज्या मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी कौन्सिल बनवतं तो) त्या शाळेचं नाव आहे त्याला तर घ्यावंच लागतं. पण चांगल्या रिझल्टच्या व्हीए सेकंडरीत जागा क्वचितच उरतात.

पुण्यामुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आपल्या लोकांचा इथंच गोंधळ होतो. तिकडं वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदू असायची, चर्चला जाता का असं ॲडमिशनला कोणी विचारत नव्हतं, फी मात्र भरावी लागायची. इथल्या व्हीएत फी नाही पण दर रविवारी चर्चला जाता का आणि किती वर्षं जाताय हे विचारू शकतात, प्रीस्टची सही मागू शकतात.

कॅथलिक सेकंडरीची पॉलिसी एकदा शांतपणे वाचून काढा, वेबसाइटवर असतेच, चारपाच पानं असतात. सुरुवातीला केअरमधली म्हणजे कौन्सिलच्या देखभालीखालची मुलं, मग बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलं, त्यातही भावंडं किंवा ठरावीक पॅरिशमधली म्हणजे ठरावीक चर्चच्या हद्दीतली आधी, मग इतर ख्रिश्चन पंथांची मुलं, मग कुठं कुठं "इतर धर्मांची मुलं" अशी ओळ येते आणि सगळ्यात शेवटी "बाकी सगळे". आपण बहुतेक शेवटच्या दोन ओळींत बसतो. त्यातल्या "इतर धर्म" या ओळीत बसायचं तर काही शाळा मंदिराच्या किंवा तुमच्या धर्मसंस्थेच्या प्रमुखाचं पत्र मागतात, म्हणजे ज्या मंदिरात तुम्ही खरंच नेहमी जाता तिथल्या लोकांशी ऑक्टोबरच्या आधी बोलून ठेवायला हवं. लंडनमधल्या काही चर्च ऑफ इंग्लंड सेकंडरी शाळा जागा दोन भागांत वाटतात, फाउंडेशन म्हणजे चर्चवाल्यांसाठी आणि ओपन म्हणजे बाकीच्यांसाठी, तिथं आपल्याला खरा चान्स असतो.

आणि पॉलिसी वाचून थांबू नका. कौन्सिलच्या ॲडमिशन बुकलेटमध्ये बऱ्याचदा एक तक्ता असतो, गेल्या वर्षी त्या शाळेनं कुठल्या क्रायटेरियामध्ये किती मुलं घेतली आणि शेवटचं मूल किती अंतरावरचं होतं. "इतर धर्म" समोर शून्य असेल तर पॉलिसीत ती ओळ असून तुम्हाला काही उपयोग नाही. हा तक्ता मला सगळ्या ओपन इव्हिनिंगपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, नसला तर शाळेच्या ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करून विचारा.

फॉर्मचं पण नीट समजून घ्या. कौन्सिलचा फॉर्म ३१ ऑक्टोबरच्या आत सगळ्यांनाच भरायचा असतो. व्हीए शाळेला बहुतेक वेळा त्याशिवाय एक सप्लिमेंटरी इन्फर्मेशन फॉर्म लागतो, तो सहसा थेट शाळेत जातो, तारीख वेगळी असू शकते. तो नाही दिला तर अर्ज बाद होत नाही पण तुम्हाला शेवटच्या गटात टाकतात, आणि नुसता तोच भरून कौन्सिलच्या फॉर्मवर शाळेचं नाव टाकायचं राहिलं तर तो अर्जच धरत नाहीत. व्हीसीला हा दुसरा फॉर्म सहसा लागत नाही. दोन्हीकडे मुलाचा किंवा आईबाबांचा इंटरव्ह्यू घेता येत नाही, सरकारच्या ॲडमिशन कोडमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नियमावलीत, बंदी आहे. आणि चर्चची शाळा पहिल्या नंबरवर टाकली तरच विचार करतात असं जे पसरलंय ते चूक आहे, तुमचा प्रेफरन्स कितवा होता हे बघून शाळेला सीट देता येत नाही.

धर्म बघून प्राधान्य देता येतं म्हणजे काहीही करता येतं असं नाही. केंटनच्या जेएफएस या ज्यू शाळेनं आई ज्यू आहे का यावर ॲडमिशन ठरवली होती, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००९ मध्ये कोर्टानं सांगितलं की असा वंश बघणं हा रेशियल डिस्क्रिमिनेशन आहे. तेव्हापासून शाळेला धर्म पाळता का हे बघता येतं, तुमचा जन्म कोणाच्या पोटी झाला हे नाही.

सीट मिळाली तर पुढचा फरक आरईचा, म्हणजे रिलिजस एज्युकेशनचा. व्हीसीमध्ये साधारणपणे कौन्सिलचा सिलॅबस चालतो, जो बनवताना ख्रिश्चन धर्म मुख्य धरून बाकीच्या मोठ्या धर्मांचाही विचार करावा लागतो, म्हणून मुलं दिवाळी, कर्म, गीता असं काही ना काही शिकून येतात. व्हीएमध्ये आरई त्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे. कॅथलिक शाळांत तर बिशप्सचा नियम आहे की जीसीएसईपर्यंत, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या आपल्या दहावीसारख्या परीक्षेपर्यंत, शिकवायच्या वेळेतला १० टक्के वेळ आरईला, आणि रिलिजस स्टडीज जीसीएसई तिथं बहुतेक सगळ्यांना करावीच लागते. त्या जीसीएसईत दोन धर्म असतात आणि कॅथलिक शाळांत दुसरा धर्म म्हणून ज्यू धर्म घेतात, म्हणजे तुमच्या मुलाला हिंदू धर्मावर एकही प्रश्न येणार नाही. मला हे वाईट वाटत नाही, उलट माझ्या ओळखीच्या मुलांना त्यात मस्त ग्रेड मिळालेत आणि दुसऱ्याचा धर्म आतून समजलाय, पण घरी आपलं काय ते आपल्यालाच शिकवावं लागणार हे आधी माहीत असावं.

प्रार्थनेत मात्र दोन्ही जवळजवळ सारख्या. व्हीसी असो का व्हीए, रोजचं कलेक्टिव्ह वर्शिप त्या चर्चच्या पद्धतीनंच. कित्येकांना हे माहीत नसतं की साध्या, कुठल्याही चर्चशी संबंध नसलेल्या सरकारी शाळेलाही रोज वर्शिप घ्यायचं आणि ते मुख्यतः ख्रिश्चन वळणाचं ठेवायचं कायद्यानं बंधन आहे. कॅथलिक शाळेत मोठ्या सणांना मास म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी असतो, त्यात कम्युनियनच्या म्हणजे प्रसादासारखा ब्रेड घ्यायच्या वेळी जी मुलं कॅथलिक नाहीत ती रांगेत छातीवर हात क्रॉस करून पुढे जातात, प्रीस्ट फक्त ब्लेसिंग देतात, किंवा मूल जागेवर बसून राहतं. आधी सांगून ठेवलंत तर मूल गांगरत नाही. दोन्ही प्रकारच्या शाळांत आरई आणि वर्शिप दोन्हीतून मुलाला बाहेर काढायचा हक्क आईबाबांना आहे. हक्क आहे म्हणून वापरा असं मी म्हणणार नाही, कारण जिथं सगळं वातावरणच धर्माचं आहे तिथं रोज एकट्या मुलाला लायब्ररीत बसवणं त्याला जड जातं, तेवढंच खटकत असेल तर ती शाळा फॉर्मवर टाकू नका.

पैशांबद्दल थोडंसं. व्हीए शाळेला तो १० टक्के खर्च उभा करायचा असतो म्हणून काही ठिकाणी गव्हर्नर्स फंडासाठी पत्र येतं. ते ऐच्छिक असतं, ॲडमिशनच्या वेळी मागता येत नाही, आणि नाही दिलं तर मुलावर काही परिणाम होता कामा नये.

आता खरी अडचण. सेकंडरी शाळांत नुसती व्हीए किंवा व्हीसी अशी पाटी कमी होत चालली आहे, कारण बऱ्याच शाळा ॲकॅडमी झाल्यात, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलऐवजी ट्रस्टच्या हाताखाली चालतात, आणि व्हीसी मुळातच बहुतेक प्रायमरी होत्या. ॲकॅडमी झाली की ॲडमिशनचे नियम ट्रस्ट ठरवते, कौन्सिल नाही, मग आधी व्हीसी असली तरी पॉलिसी वाचावीच लागते. आरईमध्ये साधारण जुनीच पद्धत पुढे चालू राहते, म्हणून ती आधी काय होती हे शोधणं कामाचं आहे. सरकारच्या गेट इन्फर्मेशन अबाउट स्कूल्स या साइटवर शाळेचं नाव टाका, प्रकार दिसेल, रिलिजस कॅरेक्टर दिसेल आणि लिंक्समध्ये आधीची शाळा दिसेल. फ्री स्कूल म्हणून (ट्रस्टनं सरकारी पैशावर काढलेली नवी शाळा) नव्यानं निघालेल्या धार्मिक शाळा अजून वेगळ्या, त्यांच्यासाठी धर्मावर निम्म्याच जागा द्यायची मर्यादा आणली गेली. हॅरोतल्या मराठी घरांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे स्टॅनमोरची अवंती हाउस, २०१२ ला फ्री स्कूल म्हणून सुरू झाली, तर त्याच अवंती संस्थेची २००८ ची कृष्णा अवंती प्रायमरी, इंग्लंडमधली पहिली सरकारी हिंदू शाळा, व्हीए म्हणून निघाली होती. म्हणजे हिंदू शाळा बघतानाही प्रकार बघायचाच.

रिपोर्ट वाचताना ऑफस्टेड, म्हणजे शाळा तपासणारी सरकारी संस्था, तिचा एकटा रिपोर्ट पुरत नाही. व्हीएमधलं आरई आणि वर्शिप ऑफस्टेड तपासत नाही, त्यासाठी सेक्शन ४८ ची वेगळी तपासणी असते, चर्च ऑफ इंग्लंडची असेल तर तिला सायम्स म्हणतात. बाकीच्या धर्माच्या मुलांना कसं वागवतात याचा अंदाज त्या रिपोर्टमधून चांगला येतो. रिझल्ट बघताना प्रोग्रेस एट, म्हणजे प्रायमरीपासून मुलं किती पुढे गेली हे दाखवणारा आकडा, २०२५ आणि २०२६ साठी नाहीच, कारण कोविडमध्ये त्या मुलांच्या इयर सिक्सच्या सॅट्स परीक्षा झाल्या नव्हत्या, म्हणून नुसत्या अटेनमेंटवर म्हणजे शेवटच्या ग्रेडवर शाळा भारी ठरवू नका, तो आकडा कुठली मुलं आत घेतली यावर पण अवलंबून असतो.

१ मार्चला ऑफर येतात. सीट नाही मिळाली तर वेटिंग लिस्टवर नाव राहिलंय ना याची खात्री करा, ती निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालवावी लागते, आणि तिचा क्रम पुन्हा त्याच क्रायटेरियानं लागतो, किती दिवस थांबलात यानं नाही. अपील व्हीसीसाठी कौन्सिलकडे, व्हीए किंवा ॲकॅडमीसाठी शाळेकडे करायचं, निदान २० शाळेचे दिवस मिळतात, आणि ऐकणारं पॅनेल दोन्हीकडे स्वतंत्र असतं, त्यात शाळेचा माणूस बसत नाही.