भ्रूणहृदयाचे प्रकाशीय आलेखन

भ्रूणाच्या हृदयात विद्युत् संदेश कोठे उगम पावतो व कोणत्या वाटेने पसरतो, हे प्रकाशाच्या साहाय्याने नोंदविण्याच्या पद्धतीस प्रकाशीय आलेखन म्हणतात. कोंबडीच्या भ्रूणाचे आरंभीचे हृदय म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर लांबीची नळी असते. तीत काचेचे सूक्ष्म विद्युत् अग्र खुपसल्यास एका वेळी एकाच पेशीची नोंद मिळते आणि नाजूक ऊतकास इजाही पोहोचते. याउलट विभवसंवेदी रंजकाचे रेणू पेशीपटलात रुतून बसतात व पटलावरील विभव (दोन्ही बाजूंमधील विद्युत् दाबाचा फरक) बदलला की त्यांचे प्रकाशशोषण किंवा अनुस्फुरण (प्रकाश शोषून पुन्हा प्रकाश बाहेर टाकणे) बदलते, त्यामुळे अनेक बिंदूंवरील नोंदी एकाच वेळी घेता येतात. मात्र हा बदल बहुधा मूळ प्रकाशाच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाही. बेडकाच्या हृदयावर मेरोसायनीन ५४० हे रंजक वापरून गाय सलामा व मार्टिन मोराद यांनी १९७६ मध्ये ही शक्यता दाखविली.

पहिल्या ठोक्याचे उगमस्थान हा या क्षेत्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांनुसार कोंबडीच्या हृदयात प्रथम आकुंचन पावतो तो भावी निलयाचा (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याचा) भाग, आणि त्यावरून स्पंदनाचा उगमही निलयातच असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. कोहतारो कामिनो व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशीय नोंदींत मात्र सुमारे सात कायखंडांच्या (भ्रूणाच्या पाठीलगत क्रमाने तयार होणाऱ्या व त्याचे वय मोजण्यास उपयोगी पडणाऱ्या ऊतकखंडांच्या) अवस्थेतच, म्हणजे नऊ कायखंडांच्या सुमारास दृश्य स्पंदन सुरू होण्यापूर्वी, क्रियाविभव (पेशीतील क्षणिक विद्युत् स्पंद) आढळले आणि त्यांचा उगम प्रामुख्याने डाव्या बाजूस, भावी अलिंदाकडील (रक्त आत घेणाऱ्या वरच्या कप्प्याकडील) ऊतकात दिसला. ही दोन मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. संकोची तंतू प्रथम निलयात कार्यक्षम होत असतील, तर विद्युत् उगम एकीकडे व दृश्य आकुंचन दुसरीकडे असणे संभवते, आणि उपलब्ध पुरावा याच बाजूस झुकतो. झेब्राफिश या लहान माशामध्ये, फलनानंतर साधारण २० तासांनी, स्पंदन संपूर्ण हृदयात एकाएकी सुरू होते व आरंभीचे उगमस्थान भ्रूणागणिक वेगळे असू शकते, असे २०२३ मध्ये, विद्युत् संदेशाबरोबर पेशीत वाढणाऱ्या कॅल्शियमच्या प्रकाशीय नोंदींवरून मांडले गेले. हा निष्कर्ष पक्ष्यांना जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

हृदय धडधडू लागल्यावर त्याच्या हालचालीनेच प्रकाशाची नोंद बिघडते. यावर ब्लेबिस्टॅटिनसारख्या द्रव्याने मायोसिन या स्नायू आकुंचित करणाऱ्या प्रथिनाची क्रिया थांबवितात. पण न हलणाऱ्या हृदयावर रक्तदाबाचा ताण नसतो, ही मर्यादा निष्कर्ष काढताना ध्यानात ठेवावी लागते. झेब्राफिशचा भ्रूण रक्ताभिसरणावाचूनही, केवळ विसरणाने मिळणाऱ्या ऑक्सिजनवर काही दिवस जगतो. म्हणून ट्रोपोनिन या आकुंचनाचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे ज्याचे हृदय आकुंचनच पावत नाही, अशा भ्रूणावरही विद्युत् नोंद घेता येते.

प्रकाशाने ठोका घालताही येतो. अवरक्त लेसरच्या स्पंदांनी लावा पक्ष्याच्या भ्रूणहृदयाची गती ठरविता येते, हे २०१० मध्ये दाखविले गेले. त्याच वर्षी प्रकाशसंवेदी प्रथिनांच्या योगे झेब्राफिशमधील गतिप्रेरक (ठोक्याची लय ठरविणाऱ्या) भागाचा शोध घेण्यात आला.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या भ्रूणांवर काम होते, परंतु त्याचा भर त्वचेच्या जडणघडणीवर आहे. शहरातील रुग्णालयांत गर्भाच्या हृदयाची लय श्राव्यातीत ध्वनीने तपासतात, कारण आईच्या उदरातून पुरेसा प्रकाश तेथवर पोहोचत नाही. त्या तपासणीत अलिंद व निलय यांच्या हालचालींवरून विद्युत् क्रम अनुमानाने ठरवावा लागतो.